कोणती फाईल कोणत्या झाडाची?

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. काळ्या जमिनीचं हे शिवार. खरिपात सोयाबीनच्या तासांमध्ये तुरीचे तास, हे इथलं नेहमीचं चित्र. सोयाबीन निघतं, तूर फुलोऱ्यात येते आणि काही वावरांत एक जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. एकाच तासातलं एक झाड हिरवंगार, शेंगा धरायच्या बेतात असतं. हातभर अंतरावरचं दुसरं पिवळं पडतं, माना टाकतं आणि बघता बघता उभ्या जागी वाळून जातं. वाळलेल्या झाडाच्या खोडावर बुडापासून वर चढलेला जांभळट पट्टा दिसतो. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघा सापडतात. हा मर रोग. 'फ्युजेरियम उडम' नावाची मातीतली बुरशी मुळांतून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या निकामी करते.

माती एक, पाऊस एक, पेरणीचा दिवस एक. मग एक झाड गेलं आणि दुसरं कसं तगलं? कधी कारण सरळ असतं. बुरशी वावरात सगळीकडे सारखी नसते, ठिकठिकाणी तिचे पट्टे असतात. पण कधी फरक झाडाच्या वाणात असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बदनापूरला संशोधन केंद्र आहे. तिथून आलेले 'बीएसएमआर ७३६' आणि 'बीडीएन ७११' हे वाण मर रोगापुढे बऱ्यापैकी टिकतात. मर लवकर धरणारे वाण त्याच मातीत कोलमडतात. टिकणाऱ्या झाडाच्या आत नेमकं काय घडतं हे पाहायचं असेल, तर आज शास्त्रज्ञ त्याच्या मुळांतली जनुकं 'वाचतात'. या वाचनाला सिक्वेन्सिंग म्हणतात.

सिक्वेन्सिंगच्या यंत्रांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. यंत्रातून बाहेर पडलेल्या फायलींचं पुढे काय होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्या फायली नीट लावणं, कोणती कोणत्या झाडाची आणि कोणत्या गटातली हे संगणकाला समजावणं, हे काम कारकुनी वाटतं. माझ्या मते अख्ख्या प्रयोगाचा निकाल याच कामावर उभा असतो. म्हणून ते सावकाश पाहू.

बारा कुंड्या, चार गट

तुरीचा जनुकसंच पहिल्यांदा २०११ मध्ये वाचला गेला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेच्या नेतृत्वाखाली 'आशा' या वाणावर ते काम झालं. त्यात तुरीत ४८,६८० जनुकं असावीत असा अंदाज निघाला. ही सगळी जनुकं झाडाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. जे जनुक कामाला लागतं, त्याच्या प्रती पेशीत तयार होतात. या प्रतींना आरएनए म्हणतात. एखाद्या जनुकाच्या प्रती जितक्या जास्त, तितकं ते जोरात चालू आहे असं समजायचं. बुरशी आत शिरल्यावर कोणती जनुकं जागी होतात हे शोधायचं, म्हणजे मुळांतल्या या प्रती मोजायच्या.

आता असा एक प्रयोग मनात मांडू. झरीच्या मर लागलेल्या वावरातली माती आणली. निम्मी माती वाफेने निर्जंतुक केली, निम्मी तशीच ठेवली. दोन वाण घेतले, एक टिकणारा आणि एक बळी पडणारा. प्रत्येक वाणाची तीन झाडं रोगट मातीत आणि तीन स्वच्छ मातीत लावली. एकूण बारा कुंड्या झाल्या आणि तीन-तीन झाडांचे चार गट पडले.

ठरलेल्या दिवशी प्रत्येक झाडाच्या मुळांचा तुकडा घेऊन लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, कारण आरएनए फार लवकर तुटतो. तुकडा बोटाएवढ्या नळीत जातो आणि नळीवर मार्करने काहीतरी लिहिलं जातं. पहिला धोका इथेच आहे. प्रयोगशाळेत जिकडेतिकडे अल्कोहोल असतं. ओल्या हातमोज्याचा अंगठा झाकणावरून फिरला तरी मार्करचा '१' आणि '७' एकसारखे दिसू लागतात. गोठलेल्या नळीवर बर्फाचा थर धरतो, तो पुसताना अक्षरंही जातात. म्हणून जाणते लोक छापील, थंडीत न सुटणारं लेबल नळीच्या अंगावर लावतात आणि तोच क्रमांक झाकणावरही लिहितात. झाकणं अदलाबदल होऊ शकतात, नळीचं अंग होत नाही.

एकाच टेम्पोतून बारा जणांचे कट्टे

बारा नमुने यंत्रात वेगवेगळे घालायचे तर खर्च परवडत नाही. एका फेरीत यंत्र कोट्यवधी तुकडे वाचू शकतं. म्हणून सगळे नमुने एकत्र मिसळून एकदाच घालतात. मग कोणता तुकडा कोणाचा हे कसं कळायचं?

हंगामात परभणीच्या मोंढ्यात जाणारा टेम्पो आठवा. भाडं वाचावं म्हणून गावातले बारा शेतकरी एकच टेम्पो करतात. सोयाबीन सगळ्यांचं सारखंच दिसतं. त्यामुळे भरण्याआधी प्रत्येकजण आपल्या कट्ट्यांवर रंगाने खूण करतो. कोणाचा लाल ठिपका, कोणाची निळी फुली, कोणाचं आद्याक्षर. मोंढ्यात उतरवताना हमाल खूण पाहून थप्प्या वेगळ्या लावतो आणि ज्याच्या थप्पीचं जेवढं वजन, तेवढी त्याची पट्टी होते.

सिक्वेन्सिंगमध्ये हेच होतं. मिसळण्याआधी प्रत्येक नमुन्यातल्या तुकड्यांना एक छोटी रासायनिक शेपटी जोडतात. ती साधारण आठ-दहा अक्षरांची असते आणि प्रत्येक नमुन्याची वेगळी असते. तिला बारकोड म्हणतात. यंत्र तुकडा वाचतं तेव्हा शेपटीही वाचतं. नंतर एक सॉफ्टवेअर शेपट्या पाहून तुकडे वेगळे करतं आणि प्रत्येक नमुन्याच्या फायली तयार करतं. ज्यांची शेपटी नीट वाचता आली नाही, असे तुकडे 'अनिर्णीत' नावाच्या वेगळ्या फायलीत पडतात.

ओला रंग शेजारच्या कट्ट्याला लागावा, तसं इथेही घडतं. काही यंत्रांत थोड्या तुकड्यांना चुकून दुसऱ्याच नमुन्याची शेपटी चिकटते. यावर उपाय म्हणून आता तुकड्याच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या शेपट्या लावतात आणि ठरलेली जोडी जुळली तरच तुकडा स्वीकारतात. 'अनिर्णीत' फाईल अवाजवी मोठी निघाली, तर बहुधा बारकोडांच्या यादीतच कुठेतरी चूक असते. नवशिके ती फाईल न उघडताच पुसून टाकतात. माझ्या मते ती सर्वांत आधी पाहावी.

फायलीच्या पोटात काय असतं?

यंत्राच्या या फायलींना 'फास्टक्यू' म्हणतात. तुकडा साधारणपणे दोन्ही टोकांकडून वाचला जातो, म्हणून एका नमुन्याच्या दोन फायली निघतात. एकीच्या नावात 'आर१' असतं, दुसरीच्या नावात 'आर२'. यंत्राची काचपट्टी चार मार्गिकांत विभागलेली असेल आणि नमुना चारही मार्गिकांतून गेला असेल, तर मार्गिकेमागे दोन अशा आठ फायली होतात. मार्गिकेला तंत्रज्ञ 'लेन' म्हणतात. बारा कुंड्यांच्या मिळून शहाण्णव फायली समोर येतात आणि त्यांची नावं एकमेकींपासून एका-दोन अक्षरांनीच वेगळी असतात.

एखादी फाईल उघडली तर प्रत्येक तुकड्यासाठी चार ओळी दिसतात. दुसऱ्या ओळीत खरा मजकूर असतो: ए, सी, जी, टी ही चार अक्षरं वेगवेगळ्या क्रमाने, बहुतेकदा दीडशेच्या आसपास. तिसऱ्या ओळीत नुसतं अधिकचं चिन्ह. चौथ्या ओळीत चित्रविचित्र खुणा असतात. त्या प्रत्येक अक्षरावर यंत्राचा किती भरवसा आहे ते सांगतात. भरवशाचा गुण ३० असेल तर ते अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक, २० असेल तर शंभरात एक.

पहिली ओळ बहुतेक लोक वाचतच नाहीत. तिच्यात यंत्राचा क्रमांक, त्या यंत्राची कितवी फेरी, कोणती काचपट्टी, कोणती लेन आणि पट्टीवरची नेमकी जागा लिहिलेली असते. या ओळीने २०१५ मध्ये एका मोठ्या निष्कर्षाची पंचाईत केली, ती गोष्ट पुढे येईल.

या चार ओळींत काय नाही, हे नीट लक्षात घ्यावं. झाड कोणत्या वाणाचं होतं, माती रोगट होती की स्वच्छ, मुळं कोणी आणि कोणत्या दिवशी कापली, यातलं काहीही फायलीत नसतं. अक्षरं कोट्यवधी असतात, पण गट एकाही अक्षरात लिहिलेला नसतो. तो माणसालाच वेगळा सांगावा लागतो.

नमुन्यांचा तक्ता

गट सांगायची जागा म्हणजे एक साधा तक्ता. एका नमुन्याला एक ओळ आणि एका माहितीला एक स्तंभ. विश्लेषणाची सगळी सॉफ्टवेअर शेवटी याच तक्त्यावर चालतात. अनेक विद्यार्थी तक्ता न करता फायलीच्या नावातच सगळं कोंबतात: वाण, माती, कुंडी, तारीख, स्वतःचं आद्याक्षर. सुरुवातीला ते सोयीचं वाटतं. मग एका फायलीत 'रोगट' लिहिलं जातं, दुसरीत 'रोग', तिसरीत 'आर'. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे गट होतात.

नावांच्या क्रमाचीही एक खोड आहे. संगणक नावं अक्षरानुसार लावतो, त्यामुळे 'नमुना १' नंतर 'नमुना १०', 'नमुना ११', 'नमुना १२' येतात आणि त्यानंतर 'नमुना २'. तक्ता माणसाने एक ते बारा असा लावलेला असतो, फायली मात्र संगणकाच्या क्रमाने लागतात. दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ जोडली की दुसऱ्या कुंडीची माहिती दहाव्या कुंडीला चिकटते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण बारा ओळी आणि बारा नमुने बरोबर जुळलेले असतात. '०१', '०२' असा आधी शून्य लावला की ही अडचण मिटते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे क्रमावर विसंबू नये आणि जुळणी नेहमी नावाने करावी.

तक्ता एक्सेलमध्ये केला तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कुंडीला '३-४' असं नाव दिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. जनुकांच्या नावांचंही असंच होतं. माणसातल्या 'मार्च १' आणि 'सेप्ट २' सारख्या नावांच्या जनुकांच्या एक्सेलने इतक्या तारखा केल्या, की २०१६ मधल्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असे बिघाड आढळले. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली.

चौकट : तक्त्यात काय असावं?
नमुन्याचा न बदलणारा क्रमांक. त्याच्या सगळ्या फायलींची नावं, जशीच्या तशी. ज्याची तुलना करायची तो गट, इथे वाण आणि माती हे दोन स्वतंत्र स्तंभ. झाडाचा क्रमांक, कारण एकाच झाडाचे दोन नमुने असू शकतात. मुळं कापल्याची तारीख आणि वेळ. आरएनए कोणत्या दिवशी आणि कोणी वेगळा केला. यंत्राची फेरी आणि लेन. शेतातून नमुना आणला असेल तर जमिनीचा गट क्रमांक, आधीचं पीक आणि बियाण्याला कोणती प्रक्रिया केली होती. मोकळी जागा सोडू नये. माहिती नसेल तर 'माहिती नाही' असंच लिहावं, शून्य लिहू नये.

सॉफ्टवेअरमध्ये गट बांधताना

ज्यांना आज्ञावली लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी 'गॅलक्सी' नावाची मोफत व्यवस्था आहे. ती ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे आपल्याकडे मोठा संगणक नसला तरी चालतं. परभणी-नांदेडच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही खातं काढून तिथे काम करू शकतो. तिथे फायली चढवल्या की 'संग्रह' बनवता येतो. नावातले 'आर१' आणि 'आर२' ओळखून गॅलक्सी जोड्या लावते आणि सगळ्या जोड्यांची एक यादी करते. मग एकच आज्ञा दिली की ती बाराही नमुन्यांवर चालते, शहाण्णव वेळा बटण दाबावं लागत नाही. संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याला गटाची खूणही लावता येते आणि ती पुढच्या प्रत्येक पायरीत सोबत जाते. जोड्या आपोआप लागल्या तरी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, कारण सॉफ्टवेअर नाव ओळखतं, नमुना ओळखत नाही.

यानंतर येतो एक निर्णय, ज्यात मला सर्वांत जास्त गफलती दिसतात: काय एकत्र करायचं आणि काय वेगळं ठेवायचं. एकाच नमुन्याच्या चार लेनमधल्या फायली एकत्र करायच्या. ते एकाच मालाचं चार काट्यांवर झालेलं वजन आहे. तीन कुंड्यांमधली तीन झाडं मात्र वेगळी ठेवायची, कारण झाडाझाडांत नैसर्गिक फरक असतो आणि तो किती आहे हेच आपल्याला जाणून घ्यायचं असतं. एका झाडाच्या चार लेन चुकून चार झाडं म्हणून नोंदवल्या, तर सॉफ्टवेअरला वाटतं की चार झाडं हुबेहूब सारखी वागली. मग ते किरकोळ फरकही मोठ्या खात्रीने 'सापडला' म्हणून सांगतं.

तीन झाडं तरी पुरेत का? २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी यीस्टच्या दोन प्रकारांचे प्रत्येकी ४८ नमुने वाचले आणि मग त्यांतले थोडे थोडेच घेऊन निकाल किती बदलतो ते तपासलं. तीन नमुन्यांवर बहुतेक सॉफ्टवेअरना सगळ्या नमुन्यांवर सापडणाऱ्या फरकांपैकी फक्त २० ते ४० टक्के सापडले. किमान सहा घ्यावेत, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे आपल्या बारा कुंड्यांच्या जागी चोवीस हव्यात. खर्च वाढतो, पण आधी कळलेलं बरं.

गट लावून झाले की तुलना. यासाठी 'डीईसेक२' हे २०१४ मध्ये आलेलं सॉफ्टवेअर फार वापरलं जातं. दोन गटांत एखाद्या जनुकाच्या प्रती किती पट कमी-जास्त आहेत आणि तो फरक झाडाझाडांतल्या नेहमीच्या फरकाहून मोठा आहे का, हे ते सांगतं. 'किती पट' म्हणताना कशाच्या तुलनेत, हे ठरवावं लागतं. आपण सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर इंग्रजी वर्णक्रमाने जो गट आधी येतो त्याला पाया धरतं. गटांना 'ट्रीटेड' आणि 'अनट्रीटेड' अशी नावं दिली असतील तर टी हे अक्षर यू च्या आधी येतं. मग प्रक्रिया केलेला गटच पाया ठरतो आणि सगळी चिन्हं उलटी होतात. वाढलेलं जनुक घटलेलं दिसतं. आकडे बरोबर, तक्ता बरोबर, निष्कर्ष मात्र उलटा. पाया कोणता हे नेहमी स्वतः लिहून द्यावं.

आपल्या तुरीच्या प्रयोगात तर साधी दोन गटांची तुलना पुरत नाही. रोगट आणि स्वच्छ मातीची तुलना केली की बुरशीमुळे काय बदलतं ते कळेल, पण तसा बदल दोन्ही वाणांत होतो. टिकणाऱ्या आणि बळी पडणाऱ्या वाणाची तुलना केली तर रोगाशी संबंध नसलेले शेकडो फरक हाती लागतील: दाण्याचा रंग, पक्व व्हायचा काळ, झाडाची ठेवण. आपला प्रश्न असा आहे की बुरशी आल्यावर होणारा बदल दोन वाणांत वेगळा आहे का. म्हणजे फरकांमधला फरक शोधायचा आहे. चौकटीत वाण आणि माती हे दोन स्तंभ वेगळे ठेवले, ते याचसाठी. दोन्ही एकाच स्तंभात मिसळून लिहिले तरी पुढे तुलना करता येते, पण प्रश्न नीट मांडायला मग कसरत करावी लागते.

पहिल्या ओळीतून निघालेली गोष्ट

समजा, रोगट मातीतल्या सहा झाडांचा आरएनए सोमवारी काढला आणि स्वच्छ मातीतल्या सहांचा गुरुवारी. सोमवारी रसायनाची बाटली जुनी होती, गुरुवारी नवी उघडली. आता दोन गटांत जो फरक दिसेल तो बुरशीचा की बाटलीचा? याला उत्तर नाही. जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर इथे काही करू शकत नाही, कारण दोन्ही कारणं एकमेकांत पूर्ण गुंतली आहेत. अशा गुंत्याला 'बॅचचा परिणाम' म्हणतात. प्रत्येक दिवशी दोन्ही गटांतली झाडं घेतली असती, तर दिवसाचा परिणाम हिशेबातून वेगळा काढता आला असता.

डिसेंबर २०१४ मध्ये माणूस आणि उंदीर यांच्या अवयवांची तुलना करणारा एक निबंध अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. तो 'एन्कोड' या नावाजलेल्या प्रकल्पातला होता. त्याचा निष्कर्ष धक्कादायक होता. जनुकांच्या वागण्यावरून पाहिलं तर माणसाचं यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्याच मेंदूशी जास्त जुळतं, असं त्यातून निघत होतं. नमुने अवयवाप्रमाणे गोळा होत नव्हते, प्राण्याप्रमाणे होत होते. तोवरच्या समजुतीच्या हे अगदी उलट होतं.

शिकागो विद्यापीठातले योआव गिलाड आणि ऑर्ना मिझराही-मान यांनी त्याच फायली पुन्हा उघडल्या आणि प्रत्येक तुकड्याची पहिली ओळ वाचली. यंत्राचा क्रमांक, काचपट्टी आणि लेन यांवरून त्यांनी ठरवलं की कोणता नमुना कोणत्या फेरीत वाचला गेला. नमुने पाच बॅचमध्ये वाचले गेले होते आणि त्यांतल्या फक्त एकाच बॅचमध्ये माणूस आणि उंदीर दोन्ही होते. बाकी बॅच एकतर माणसाच्या किंवा उंदराच्या. प्राण्यांमधला फरक आणि फेऱ्यांमधला फरक एकमेकांत मिसळले होते. बॅचचा हिशेब धरून त्यांनी पुन्हा मांडणी केली तेव्हा नमुने अवयवाप्रमाणे गोळा होऊ लागले. मूळ संशोधकांनी आपल्या बाजूने उत्तर दिलं आणि वाद काही काळ चालला. पण २०१५ नंतर बॅचचा स्तंभ नसलेला तक्ता परीक्षकांच्या नजरेतून सहज सुटणं अवघड झालं.

सॉफ्टवेअर स्वतः गट पाडतं तेव्हा

आतापर्यंत आपण गट सांगत होतो आणि सॉफ्टवेअर ऐकत होतं. उलटही करता येतं. गट न सांगता सॉफ्टवेअरला नुसतं विचारायचं, की या बारा नमुन्यांत कोण कोणासारखं आहे? हजारो जनुकांच्या आकड्यांतून ते सर्वांत मोठे दोन फरक निवडतं आणि बारा ठिपके एका आलेखावर मांडतं. एकसारखे नमुने जवळजवळ पडतात. टिकणाऱ्या वाणाचे सहा एकीकडे, बळी पडणाऱ्याचे सहा दुसरीकडे आले तर ठीक. पण एका वाणाचा एक ठिपका दुसऱ्या वाणाच्या घोळक्यात सापडला, तर नळीवरचं लेबल तपासायची वेळ आली. तुकड्यांतली अक्षरं पाहून वाणाची खूण पटवता येते, कारण दोन वाणांत ठरावीक जागी अक्षरं वेगळी असतात. नमुन्यांची अदलाबदल पकडायचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

हे तपासलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या प्रकरणाने दाखवलं. कोणत्या रुग्णाला कर्करोगाचं कोणतं औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येतं, असा दावा तिथल्या संशोधकांनी २००६ मध्ये केला. त्यावर विसंबून रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. टेक्सासमधले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे मिळवून तपासले, तेव्हा काही ठिकाणी जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली आणि काही औषधांसाठी 'लागू पडतं' व 'लागू पडत नाही' ही लेबलं उलटी लागलेली निघाली. त्यांनी हे २००९ मध्ये छापलं. चाचण्या २०१० मध्ये बंद झाल्या आणि २००६ चा निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला. पुढच्या चौकशीत याहून गंभीर गोष्टी निघाल्या, पण पहिला धागा लेबलांनी दिला. त्या लेबलांच्या पलीकडे आजारी माणसं उपचारांची वाट पाहत होती, हे मला विसरता येत नाही.

सॉफ्टवेअरने पाडलेले गट महाराष्ट्राने फार जवळून अनुभवले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने करोना विषाणूचे नमुने वाचण्यासाठी दहा प्रयोगशाळांची साखळी उभी केली. तिच्यात पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन्ही होत्या. वाचलेला प्रत्येक विषाणू 'पँगोलिन' नावाच्या सॉफ्टवेअरमधून जातो आणि ते त्याला वंशावळीतल्या एखाद्या शाखेत बसवतं. २४ मार्च २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र दिसत आहेत. याच शाखेला बी.१.६१७ हे नाव पडलं आणि तिच्या एका फांदीला त्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' म्हटलं.

शाखा सांगणं सॉफ्टवेअरच्या हातात होतं. ती वाढते आहे का, कोणत्या जिल्ह्यात, किती वेगाने, हे सांगायला मात्र प्रत्येक नमुन्याबरोबर तारीख आणि जिल्हा लागत होता. राष्ट्रीय विषाणू संस्थेने नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळातल्या महाराष्ट्रातल्या नमुन्यांवर काम केलं. महिना आणि जिल्हा यांप्रमाणे गट लावता आले, म्हणून विदर्भापासून पुण्यापर्यंतचं चित्र एकत्र पाहता आलं. स्वॅब घेणाऱ्या केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने फॉर्मवर गावाचं आणि तालुक्याचं नाव नीट लिहिलं असेल, तरच तो नमुना त्या चित्रात बसला.

तुरीकडे परत येऊ. २०१७ मध्ये इक्रिसॅटच्या संशोधकांनी तुरीच्या २९२ वाण-नमुन्यांचे जनुकसंच वाचून प्रसिद्ध केले. त्यांत सुधारित वाण होते, शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले देशी वाण होते आणि काही रानटी नातलगही. कोणाचा गट कोणता आणि मूळ ठिकाण कोणतं, ही माहिती सोबत होती, म्हणून माणसाने तूर लावायला सुरुवात केली तेव्हापासून तिच्यात काय बदललं हे त्यांना शोधता आलं. अशा फायली सार्वजनिक भांडारांत ठेवल्या जातात. आपल्या देशात यासाठी फरीदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे. कोणीही त्या उतरवून घेऊ शकतो आणि नवा स्तंभ जोडून, उदाहरणार्थ मर रोगाला कोण टिकतं आणि कोण नाही, असे गट नव्याने पाडून पाहू शकतो.

अशी भांडारं वापरताना एक गोष्ट माहीत असावी. जागा वाचवण्यासाठी काही भांडारं फायलीतली ती पहिली ओळ बदलून तिथे स्वतःचा अनुक्रमांक घालतात. मग यंत्राचा क्रमांक आणि लेन कायमची जाते. ती माहिती तक्त्यात वेगळी लिहून भांडारात सोबत दिली असेल, तरच पुढे कोणाला बॅच तपासता येते.